राज्य कोणावर?

मराठी मुलांच्या बहुतेक मैदानी खेळांची सुरुवात चकण्याने होते. तिघे जण हातावर हात ठेवतात, झटक्याने वर उचलतात आणि तळवा उताणा किंवा पालथा टाकतात. ज्याचा तळवा इतर दोघांहून वेगळा पडेल तो सुटला. असे एकेक करत सगळे सुटतात आणि शेवटी उरेल त्याच्यावर राज्य येते. राज्य येणे हा मान नव्हे. इतरांना शोधण्याचे, पकडण्याचे, शिवण्याचे काम अंगावर पडणे म्हणजे राज्य. या निवाड्याला मोठे माणूस लागत नाही की नाणे लागत नाही.

दूरचित्रवाणी, व्हिडिओ गेम आणि मोबाइल येण्याआधी महाराष्ट्रातल्या गावांत, वाड्यांत आणि चाळींत विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या, आट्यापाट्या, हुतूतू, खो-खो, लंगडी, भोवरा, गोट्या, ठिकरी असे कितीतरी खेळ चालत. त्यांची साधने वेगळी, ऋतू वेगळे, खेळणारी मुलेही वेगळी. पण खेळाचा कारभार मात्र सगळीकडे मुलांच्याच हाती असे. भिडू कोण, रेषा कुठे, बाद कोण, हे तीच ठरवत. त्यावर भांडत आणि भांडण मिटवतही तीच. या खेळांचे पुढे काय झाले हे समजून घ्यायला हाच धागा उपयोगी पडतो.

मुलांचा कायदा

दोन बाजू पाडताना अन्याय होऊ नये यासाठी मुलांनी एक नामी पद्धत बसवली होती. साधारण सारख्या ताकदीच्या दोघांनी जोडीने बाजूला जायचे, गुपचूप एकेक टोपणनाव घ्यायचे, एकाने गुलाब तर दुसऱ्याने मोगरा, आणि परत येऊन दोन्ही बाजूंच्या म्होरक्यांपुढे उभे राहायचे. म्होरके आळीपाळीने नाव मागतात. कोणते नाव कोणाचे हे त्यांना ठाऊक नसल्यामुळे सगळे तगडे भिडू एकाच बाजूला जात नाहीत.

लहान भावंडांची सोय लिंबूटिंबू म्हणून होई. लिंबूटिंबू सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. चार-पाच वर्षांचे मूल दहा-बारा वर्षांच्या मुलांमध्ये सामावून जाई आणि पाहून पाहून खेळ शिके. बुटाची नाडी सुटली, काटा रुतला की 'टाइमप्लीज' म्हणून खेळ थांबवायचा हक्क प्रत्येकाला होता. त्याचा गैरवापर करणारा, बाद झाल्यावर कबूल न होणारा किंवा आपल्यावर राज्य आल्यावर घरी निघणारा रडीचा डाव खेळतो असे ठरे आणि दुसऱ्या दिवशी त्याला भिडू मिळणे कठीण होई. नियम मोडणाऱ्याला वठणीवर आणायला एवढी शिक्षा पुरत असे.

हे नियम कुठे लिहिलेले नव्हते. एकाच खेळाचे दोन गावांतले नियम जुळत नसत आणि सुट्टीत मामाच्या गावी गेलेल्या मुलाला आधी तिथला कायदा समजून घ्यावा लागे. खेळांची नावेही बदलत. विटीदांडू विदर्भात गिल्लीदांडू होतो, तर गोव्यात तो कोयंडोबाल या नावाने ओळखला जातो.

विटी, चेंडू आणि भोवरा

विटीदांडूला बाभळीचे किंवा तसेच एखादे टणक लाकूड पुरते. हात-दीड हात लांबीचा दांडू आणि चार-पाच बोटे लांब, दोन्ही टोकांना निमुळती तासलेली विटी. जमिनीत लहान गल्ली खोदतात, तिच्यावर विटी आडवी ठेवतात आणि दांडूने ती दूर कोलतात. समोरच्यांनी विटी वरच्या वर झेलली तर खेळणारा बाद. झेल सुटला तर दांडू गल्लीवर आडवा ठेवायचा. समोरच्याने विटी फेकून त्याला नेमकी लावली तरी बाद. त्यातून वाचलेला टोला मारतो. विटीच्या निमुळत्या टोकावर दांडू आपटला की ती उसळते आणि हवेत असतानाच तिला टोलवायचे असते. हात आणि डोळा यांचा मेळ जमेपर्यंत अनेक टोले हवेतच जातात.

विटी जिथे पडेल तिथून गल्लीपर्यंतचे अंतर दांडूने मोजतात. ही मोजणी एक, दोन, तीन अशी न होता वकट, लेंड, मूंड, नाल अशी होते. तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या अंकांशी तिचे साम्य उघड आहे. मोजणी ज्या आकड्यावर थांबेल त्यावरून पुढचा टोला कसा मारायचा ते अनेक ठिकाणी ठरते: विटी पायाच्या चवड्यावर ठेवून, मुठीवर ठेवून किंवा कोपरावर तोलून.

लगोरीला सात चपटे दगड किंवा खापऱ्या आणि एक चेंडू लागतो. रबरी चेंडू मिळेपर्यंत तो चिंध्या घट्ट गुंडाळून घरीच केला जाई. एका बाजूने नेम धरून दगडांची उतरंड पाडायची आणि ती पुन्हा रचायला धावायचे. दुसऱ्या बाजूने रचणाऱ्यांना चेंडू मारून बाद करायचे. आबाधुबीत उतरंडही नाही, नुसता चेंडूचा मार आहे आणि तो चुकवण्याची कला आहे.

भोवरा लाकडी, त्याच्या टोकाशी लोखंडी आर. त्याला गुंडाळायच्या दोरीला जाळी म्हणतात. जाळी किती घट्ट गुंडाळली आणि झटका कोणत्या क्षणी मागे ओढला यावर भोवऱ्याचा वेग ठरतो. जमिनीला टेकू न देता भोवरा थेट तळहातावर घेणाऱ्याला मुलांमध्ये मोठा मान असे. दुसऱ्याच्या भोवऱ्यावर आर मारून त्याला खोच पाडणे हा या खेळाचा चढाईचा भाग. गोट्यांत बोटाचा ताण आणि नेम यांची परीक्षा होते आणि जिंकलेल्या गोट्या खिशात जात असल्यामुळे घरच्यांचा या खेळावर राग असे. ज्यांना गोट्या परवडत नसत त्यांचे चिंचोक्यांवर भागे, कोकण-गोव्यात काजूच्या बियांवर. काडेपेटीचे छाप, बाटलीची बुचे, सायकलचा जुना टायर, नारळाची करवंटी, या टाकाऊ वस्तूंनाही मुलांच्या बाजारात किंमत होती.

झाडावर आणि रेषेवर

सूरपारंब्या हा वडाच्या झाडाचा खेळ. आखलेल्या रिंगणात उभे राहून एक जण पाय उचलतो आणि पायाखालून काठी दूर फेकतो. राज्य असलेला ती आणायला धावतो, तेवढ्यात बाकीचे झाडावर चढतात. काठी रिंगणात ठेवून राज्य असलेल्याने वर चढायचे आणि कोणाला तरी शिवायचे. इतरांनी पारंबीला लोंबकळून खाली उडी मारायची आणि काठीला हात लावायचा. गुरे चरायला सोडून दिवस काढणाऱ्या गुराखी पोरांचा हा आवडता खेळ होता, कारण झाडावरून गुरांवर नजरही राहत असे.

डबाऐसपैस हा लपंडावाचा अवघड भाऊ. राज्य असलेल्याने लांब फेकलेला डबा आणून जागेवर ठेवेपर्यंत सगळे लपतात. दिसलेल्या गड्याचे नाव घेऊन 'ऐसपैस' म्हणत डबा आपटायचा, पण त्याआधी कोणी येऊन डबा उडवला तर पकडलेले सगळे सुटतात. नाव चुकले तरी राज्य पुन्हा त्याच्यावरच. म्हणून लपणारे एकमेकांचे सदरे अंगात घालून फसवाफसवी करत.

आट्यापाट्यांना मात्र मोकळी सपाट जागा हवी. नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना मधोमध छेदणारी उभी सूरपाटी, असे त्याचे मैदान. बचाव करणारे आपापल्या पाटीवर उभे राहून अडवतात आणि दुसऱ्या बाजूचे नऊ जण हुलकावण्या देत पाट्या ओलांडतात. वेगापेक्षा इथे हूल महत्त्वाची. साहित्य काहीच नाही. राखेने किंवा पाण्याने रेषा ओढल्या की झाले. चांदण्या रात्री हा खेळ विशेष रंगे.

मुलींच्या वाट्याचे खेळ

लंगडी, ठिकरी, सागरगोटे, दोरीवरच्या उड्या हे मुलींचे रोजचे खेळ. ठिकरीसाठी फुटक्या कौलाचा किंवा मडक्याचा तुकडा घ्यायचा, जमिनीवर घरे आखायची आणि एका पायावर लंगडत ठिकरी पायाने पुढच्या घरात सरकवायची. रेषेवर पाय पडला की डाव गेला. सागरगोटे काटेरी झुडपाच्या शेंगांतल्या करड्या, टणक बियांचे. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे आणि मग तोही झेलायचा.

मुलींना घराबाहेर खेळायची मोकळीक वय वाढेल तशी कमी होत जाई. त्यामुळे सणांना खेळाच्या दृष्टीनेही महत्त्व होते. श्रावणात नागपंचमीला झाडांना झोके बांधले जात. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत पुजल्या जाणाऱ्या मंगळागौरीला रात्र जागवून झिम्मा, पिंगा, बसफुगडी, कोंबडा, गाठोडे असे खेळ चालत. आश्विनात हस्त नक्षत्राच्या सुमारास पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा तो भोंडला किंवा हादगा. विदर्भ-खानदेशात त्याच सुमारास भुलाबाई येते. यातली बसफुगडी किंवा कोंबडा काही मिनिटे करून पाहिला की मांड्या आणि पोटऱ्यांचा किती कस लागतो ते कळते. सासरी कामाच्या रगाड्यात असलेल्या तरुण मुलींना मोठ्याने हसण्या-ओरडण्याची परवानगी देणारी ती एक रात्र असे.

खेळांचे पंचांग

शेतीच्या कामांसारखाच खेळांनाही हंगाम होता. पावसाळ्यात जमीन मऊ झाली की लोखंडी सळई फेकून ती मातीत रोवत रोवत पुढे जायचा खेळ निघे. सळई आडवी पडली की डाव दुसऱ्याकडे. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात दगड-मातीचे किल्ले उभे राहत. त्यांवर हिरवळ यावी म्हणून अळीव पेरत आणि बुरुजांवर मातीचे मावळे मांडत. किल्ल्यांची ही प्रथा आजही टिकून आहे. संक्रांतीच्या सुमाराचा वारा पतंगांचा. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याची आणि नागपूरची काटाकाटी आजही प्रसिद्ध आहे. येवलेकर मांजा गुंडाळायला आसारी वापरतात, नागपूरकरांच्या हाती चक्री असते. होळीच्या आधी लाकडे-गोवऱ्या जमवण्याची मोहीम, ती चोरून आणली तर अधिक बहादुरी. उन्हाळ्यात दुपारी आमराई आणि विहीर. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललेली मुले त्याच सुट्टीत पोहायला शिकत.

हे खेळ किती जुने, याचा एक पुरावा संतवाङ्मयात सापडतो. एकनाथांनी आणि तुकारामांनी फुगडी, हुतूतू, चेंडूफळी, विटीदांडू, टिपरी, हमामा अशा खेळांची रूपके वापरून अभंग आणि भारुडे रचली. ऐकणाऱ्यांना खेळ माहीत असल्याखेरीज रूपक पोचत नाही. म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकांत हे खेळ घरोघरी ओळखीचे असले पाहिजेत.

जुन्या खेळांचे चित्र मात्र सगळेच गोड नव्हते. गावात आळ्या जातीप्रमाणे वेगळ्या होत्या आणि अनेक ठिकाणी दलित मुलांना इतरांच्या अंगणात प्रवेश नव्हता. पुष्कळ मुलामुलींचे बालपण गुरे, शेत आणि धाकटी भावंडे सांभाळण्यात जाई. खेळ त्यातून चोरलेल्या वेळाचा. विटी लागून डोळे दुखावत, झाडावरून पडून हात मोडत. अलीकडे नायलॉनच्या मांजाने माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले जाऊ लागले, म्हणून २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली.

नियमावली मिळालेले खेळ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही खेळांच्या वाट्याला वेगळे भाग्य आले. देशी खेळांना शिस्त लावली तर ते विलायती खेळांच्या तोडीचे ठरतील, ही राष्ट्रीय भावना त्यामागे होती. १९०६ मध्ये स्थापन झालेला पुण्याचा डेक्कन जिमखाना, बडोद्याचा हिंदविजय जिमखाना आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ यांनी खो-खो, हुतूतू, आट्यापाट्या यांची मैदाने मोजली, वेळ ठरवली, गुण ठरवले. बडोद्याहूनच द. चिं. मजुमदार यांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला.

हुतूतूचे आधी अनेक प्रकार होते. संजीवनीत बाद गडी पुन्हा जिवंत होई, गेमिनीत तो बाहेरच राही, अमरमध्ये बाद होऊनही खेळत राही आणि फक्त गुण मोजले जात. या प्रकारांतून एक देशव्यापी खेळ घडला आणि कबड्डी हे नाव रूढ झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला आणि २०१४ पासून प्रो कबड्डी लीगने ती घराघरांतल्या पडद्यावर नेली. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

ज्या खेळांना नियमावली, संघटना आणि स्पर्धा मिळाल्या ते तगले. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली: रेषा, वेळ आणि बाद कोण हे ठरवणे मुलांच्या हातून पंचांच्या हाती गेले. सूरपारंब्या, डबाऐसपैस, आबाधुबी यांना पंच मिळाला नाही. मैदान आणि सवंगडी असेपर्यंतच ते जगणार होते.

आधी मैदान गेले

मैदानी खेळ मोबाइलने संपवले असे सर्रास म्हटले जाते. घटनाक्रम पाहिला तर मोबाइल सर्वांत शेवटी आला. आधी जागा गेली. शहरांत वाडे पाडून इमारती झाल्या, त्यांची अंगणे वाहनतळ बनली, गल्ल्यांतून गाड्यांची वर्दळ वाढली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली सुमारे ४५ टक्के लोकसंख्या शहरी होती. गावांतही रस्तारुंदीत वड गेले आणि गायराने आक्रसली.

मग वेळ गेला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या सुमारास रंगीत प्रक्षेपण आले. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागले की गल्ल्या ओस पडत. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्यांनी दिवसभराची सोय केली. त्याच काळात शिकवण्यांचे वर्ग संध्याकाळच्या तासांवर बसले. वाहनांच्या आणि अनोळखी माणसांच्या भीतीने पालक मुलांना एकटे सोडेनासे झाले. कुटुंबे लहान झाली, एका इमारतीत एका वयाची चार मुले जमणे दुर्मीळ झाले. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत शाळाच पडद्यावर आली, तोवर पाया खचलेला होता.

मधल्या काळात गल्ली क्रिकेटने बरीच जागा व्यापली. १९८३ च्या विश्वचषकानंतर विटीदांडू खेळणाऱ्या हातांत बॅट आली असे म्हणायला हरकत नाही. पण गल्ली क्रिकेट वागले जुन्या खेळांच्याच चालीने: एक टप्पा झेल बाद, गच्चीवर गेला की बाद, जो मारेल त्याने आणायचा, ज्याची बॅट त्याची पहिली फलंदाजी. खेळ परदेशी असला तरी कायदा मुलांचाच राहिला. तोही आता जागेअभावी आटतो आहे.

उरलेले आणि हवे असलेले

धावणे, चढणे, तोल सांभाळणे, नेम धरणे या हालचालींची मुलांच्या वाढीला गरज असते, हे आरोग्यशास्त्र आता स्पष्टपणे सांगते. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दिवसाच्या उजेडात बाहेर वेळ घालवणाऱ्या मुलांत दूरचे अंधुक दिसण्याचा दोष कमी प्रमाणात सुरू होतो, असे अभ्यासांत आढळले आहे. बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने खेळ हा मुलांचा हक्क मानला. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातही शाळेला मैदान असणे अपेक्षित आहे.

जुने खेळ टिकवण्याचे प्रयत्नही दिसतात. मंगळागौरीच्या खेळांचे संच शहरांत कार्यक्रम करतात, परदेशांतली महाराष्ट्र मंडळे भोंडला घालतात, उन्हाळी शिबिरांत विटीदांडू आणि लगोरी शिकवली जाते. यातून खेळाची कृती पोचते. मुलांचा स्वतःचा कारभार पोचायला मात्र आणखी काही लागते: वाहनांपासून मोकळी जागा, लिंबूटिंबूपासून शाळा संपत आलेल्यांपर्यंत वेगवेगळ्या वयाची मुले, आणि रोजचा एक तास, ज्यात मोठ्यांनी काही ठरवायचे नाही. विटी कशी कोलायची हे प्रशिक्षक दाखवू शकतो. बाद कोण यावरचा वाद सोडवायला मुलांना शिकवायचे असेल, तर त्याने शिट्टी खिशात ठेवून बाजूला उभे राहणेच बरे.